कोपरे साफ करण्याचं काम

अन्याय सुगतवर झाला. राहणार शहापूर, तालुका-जिल्हा भंडारा. या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला, भर दुपारी, गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे सणाचे खाऊ-पैसे, मागत फिरत होती, त्या वेळी एका कंपनीनं त्याला त्याच्याच हातानं त्याचं स्वतःचं नाव पुसायला लावलं. हे मी आधी सांगून टाकते. मला पत्रकं लिहायची सवय आहे, आणि पत्रकात पहिल्याच ओळीत कोणावर, कधी, काय झालं ते यावं लागतं. बाकीचं, म्हणजे माणूस कसा होता, कसा बोलायचा, हे तुला लिहिता येणार नाही असं तोच मला म्हणायचा. तरी लिहिते.

सुगत माझा मामेभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. दिवाळीच्या तोंडावर तो गेला. मी तेव्हा साकोलीकडे एकोडीला होते, धान खरेदी केंद्र उशिरा उघडतं म्हणून आमच्या संघटनेनं काढलेलं पत्रक वाटत होते. मामाचा फोन आला. मामा आवाज न चढवता बोलतो, तसाच बोलला. "बाई, सुगत नाई रायला. तू ये." मी काहीतरी विचारलं, काय ते आठवत नाही, आणि तो पुन्हा म्हणाला, "ये तू." उरलेली पत्रकं मी पानठेल्यावर ठेवली आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. महामार्गावर दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं. सुगतनं त्या धानाच्या वासाचं एक नाव ठेवलं होतं, ते रस्ताभर आठवत बसले... आठवलं नाही.

आता एक स्पष्ट करते, कारण माझ्याच संघटनेतल्या लोकांनी मला वेगळं लिही म्हणून सांगितलं. कंपनीनं सुगतला मारलं असं मी लिहिणार नाही. सुगतला सिकलसेल होता. आमच्याकडे हे कोणाला समजावावं लागत नाही, प्रत्येक वस्तीत एक-दोन घरं असतातच. बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडं आतून कोणी मुरगाळावीत तशी दुखतात. लहानपणापासून दवाखाना, रक्त चढवणं, गोळ्या. थंडी चालत नाही, उन्हात राबणं चालत नाही, ओझं उचलणं तर नाहीच. पुढं कमरेचं हाड झिजलं आणि तो लंगडायला लागला. त्या रोगानं तो गेला, आणि रोगाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. पण रोगानं त्याला एका खोलीत बसवलं होतं, आणि त्या खोलीत तो बसलेलाच आहे, कुठं जाणार नाही, हे ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांनी काय केलं, ते लिहिता येतं.

त्याचा बाप, म्हणजे माझा मामा, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. धान घरी आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक होतं. त्या नाटकाला मागं पडदा लागतो: जंगलाचा, महालाचा, रस्त्याचा, तुरुंगाचा. मामाचे पडदे बपेऱ्यापासून खाली लाखांदूरपर्यंत फिरले. चादरीएवढी चित्रं काढणारे पुष्कळ असतात, मामा घराएवढी काढायचा, अंगणात कापड अंथरून, अनवाणी त्यावर चालत. त्याचा एक नियम होता. पडद्यावर माणूस काढायचा नाही. मी शाळेत असताना विचारलं होतं, मामा, महाल आहे तर राजा काहून नाही? तर म्हणाला, "राजा विंगेतून येते ना वो. मीच काढून ठेवला त तो येऊन उभा कुठी रायल?" आणि दुसरा रिवाज सगळ्याच पडदेवाल्यांचा. काम झालं की उजव्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि गाव. पेंटर देवाजी, शहापूर. नांदी सुरू होण्याआधी पुढं बसलेली पोरं ते नाव मोठ्यानं वाचायची. मामानं त्यासाठी कधी कोणाची परवानगी घेतली नाही. नाव टाकू का, असं विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पुढं फ्लेक्स आलं आणि मामाचं काम गेलं. सुगतला तसाही अंगणातल्या कापडावर वाकून एवढा रंग ओढता आला नसता. तो पलंगावर बसून वहीच्या पाठीमागं राक्षस काढायचा. राक्षस कुठून आले तेही सांगते. नागपूरला तपासणीला नेलं होतं, तिथं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एक परदेशी पुस्तक सापडलं, कव्हर फाटलेलं. ते एका खेळाचं पुस्तक होतं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि जमेल की नाही हे फासे टाकून बघायचं. पुस्तकात खेळाचे नियम असतात आणि मधे मधे चित्रं. त्या चित्रांवरून गुहा कशी, नगर कसं, राक्षस कसा, हे खेळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. जगभर हा खेळ चालतो आणि त्याची चित्रं काढून लोक पोट भरतात, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मग रविवारी दुपारी त्याच्या खोलीत आमचा खेळ सुरू झाला, तो कित्येक वर्षं चालला. गोष्ट सुगत सांगायचा. पलंगावर पाय लांब करून, कमरेखाली उशी. नकाशा त्यानं मामाकडच्या जिल्ह्याच्या जुन्या नकाशावरून केला होता, गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या. वैनगंगा तीच, तलाव तेच, फक्त बपेऱ्याच्या पलीकडं मध्य प्रदेशाच्या जागी राक्षसांचा मुलूख. "समोर बोडी हाये," तो सांगायचा. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. "हवा नाई, तरी पाणी हालून राह्यलं. काय करता?"

"गावसभा बोलावते," मी म्हणायचे.

"राक्षस बाहेर येऊन राह्यला, लीडर."

"त्याला निवेदन देते. पोच घेते."

"पोचेवर तो सही करन, मंग तुले खाइन," म्हणायचा आणि फासे माझ्याकडं सारायचा. तो मला लीडरच म्हणायचा, कधी कौतुकानं, बहुतेकदा चिडवायला.

त्या खोलीत पुस्तकं वाढत गेली. काही कोणाकोणाच्या हातून आलेली, बहुतेक कॉम्प्युटरवर. आणि सुगतला बोलायला एक विषय मिळाला की या चित्रांचं काय काय होत गेलं. मला राक्षसांत रस नव्हता, पण त्याचं ऐकायला मला आवडायचं. एकदा त्यानं आम्हाला तीन पुस्तकं ओळीनं दाखवली. पहिलं ते फाटकं. काळ्या शाईची चित्रं, बारीक रेघांवर रेघा. "पाह्य, पाय चुकला. हा हात त कोपरातून दोन ठिकाणी मुडते," तो म्हणाला. "मी चौथीत याच्याहून बरं काढत होतो. पण हे तिघं पाह्य. मशाल घेऊन भुयाराच्या तोंडाशी उभे, आपल्याकडं पाठ करून. मांगं एकाची जागा खाली हाये का नाई? ते कोणाची?" दुसरं पुस्तक रंगीत, खरोखरच्या रंगांनी काढलेलं. झाडांतून आलेला उजेड, शेकोटी, एक जण बसून जोडा शिवतो आहे. "हे लोक थकले हायेत. थकलेला माणूस काढाले येते त्याले सगळं येते." तिसऱ्यात कॉम्प्युटर आला होता. अंगभर काटे असलेलं चिलखत, घराएवढी तलवार, एकच वीर, थेट आपल्याकडं तोंड करून. बर्फात उभी असलेली एक बाई जवळजवळ कपड्याविना. मी म्हटलं, हिला थंडी वाजत नाही का? "विचारू नको, तिले बोलाची परवानगी नाई," सुगत म्हणाला.

तो जुन्याचा भक्त नव्हता, हे कोणी विसरू नये. जुन्या पुस्तकांत सगळी माणसं गोरी आणि बाया एक तर राणी नाही तर चेटकीण, हे त्यानंच मला दाखवलं. नवीन लोकांचा हात जास्त तयार आहे, उजेड-सावली त्यांना आपल्याहून कळते, हेही मान्य करायचा. त्याची तक्रार एकच. "ह्या चित्रात आता मले जागा नाई. तो वीर सगळी चौकट खाऊन बसला. त कोण खेळते? तोच खेळते, आपण टाळ्या वाजवाच्या." मामा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्याला खेळ कधी समजला नाही. पण तो म्हणाला, "म्हणजे राजा काढून ठेवला," आणि आत गेला.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, छापणाऱ्यावर दावा नको. एका मोठ्या शहरातली कंपनी, आपल्याच देशातली, जगभर पुस्तकं विकते. सुगतनं इंटरनेटवर टाकलेली चित्रं पाहून त्यांनी त्याला शोधलं. करार आला. चित्रं कायमची कंपनीची, पुस्तकात चित्रकाराचं नाव येणार नाही, चित्रं त्यानं कुठं दाखवायची नाहीत, ही आपली आहेत असं सांगायचंही नाही. मी वाचलं आणि म्हटलं, सही करू नको. तो म्हणाला, "मंग काय करू? पोतं उचलू?" दुसरं कोणतं काम त्याला बसून करता आलं असतं, ते मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. भंडाऱ्यात राहून, त्या कमरेनं... सांगा तुम्ही.

पहिलं पुस्तक त्यानं मनापासून काढलं. मोहाची झाडं, पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या, बोडीतून वर येणारा राक्षस ज्याच्या अंगावर शिंगाड्याचे वेल आहेत. माणसं सगळी पाठमोरी, लहान, आणि शेकोटीपाशी एक जागा रिकामी. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, गवताच्या काड्यांत, बापाच्या रिवाजानं: सुगत, शहापूर. हे करारात बसत नाही हे त्याला कळत होतं, पण नाव नसलेलं चित्र त्याच्या डोळ्यांना अर्धवट दिसायचं. कंपनीत त्याची चित्रं तपासणाऱ्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी समोर होते. "सुगत, ये कोने में क्या है?" "घास है, मॅडम," सुगत म्हणाला. आम्ही उशीत तोंड घालून हसलो. ते गवत पुढच्या प्रत्येक चित्रात उगवलं.

मग मॅडमना चमक हवी झाली. थोडा शाइन, सुगत, थोडा हिरोइक. तो देत गेला. चिलखत घासून पुसून दिलं, वीर समोर आणला, तलवार वाढवली. मागच्या डोंगरात एखादी पायवाट मात्र ठेवायचा, कोणाला आत शिरायचं असलंच तर. दोन पुस्तकं तशी झाली. तो कमी बोलायला लागला होता. रविवारचा खेळही थांबला, कारण रविवारी काम असायचं.

आणि मग कामच थांबलं. कंपनीनं मशीन आणलं. सुगतची सगळी चित्रं मशीनला खाऊ घातली, आणि आता शब्द टाईप केले की चित्र निघतं. करारानुसार चित्रं कंपनीचीच, त्यामुळं विचारायचा प्रश्न नव्हता. काही महिन्यांनी त्याला परत बोलावलं, वेगळ्या कामाला. मशीनच्या चुका सुधारायच्या. "सहा बोटं येतात, एक कापाचं," तो सांगायचा. "दिवसभर बोटं कापतो. कसाई झालो." ती चित्रं मी पाहिली. देखणी होती, खोटं बोलणार नाही. आम्हाला दाखवलेल्या त्या ओळीतलं चौथं पुस्तक, असं त्यानं त्यांचं नाव ठेवलं होतं. "वजन पाह्य," म्हणायचा. "कोणाचाच पाय जमिनीवर नाई."

तान्ह्या पोळ्याला मी त्याच्याकडं होते. पोरं दारात आली, दरवर्षीसारखं सुगतनं त्यांच्या लाकडी बैलांना काळ्या रंगानं डोळे काढून दिले. मग मला आत बोलावलं. "लीडर, इकडं ये. मज्जा दाखवतो." मॅडमचा निरोप आला होता की नव्या पुस्तकाच्या सगळ्या चित्रांत उजव्या कोपऱ्यात कचरा येतो आहे, तो साफ करून द्या. त्यानं एकेक चित्र उघडलं. आगीचा डोंगर, कोपऱ्यात हिरव्या काड्या. बर्फाचा किल्ला, कोपऱ्यात हिरव्या काड्या. जहाजाच्या आतली लाकडी खोली, जिथं गवत उगवूच शकत नाही, तिथंही. जवळ जाऊन पाहिलं तर काड्यांवरून एक आडवी रेघ गेलेली. अक्षर एकही लागत नव्हतं. पण ती शिरोरेघ होती.

"मशीनले वाटते, चित्र पुरं झालं का कोपऱ्यात हे असतेच," सुगत म्हणाला. तो हसत होता. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि पुसायला सुरुवात केली. एक चित्र, दुसरं चित्र. बाहेर पोरांचा कल्ला चालू होता.

मी म्हटलं, मी पत्रक काढते. उद्याच. कंपनीच्या नावानिशी.

"नाई."

"काहून नाई?"

"तुह्या पत्रकानं त्यायचं काय होईल मले माहीत नाई. माहं काय होईल माहीत हाये." तो स्क्रीनवरून नजर न काढता बोलला. "हे एकच काम हाये जे मले बसून येते. तू रागावशील, घोषणा देशील, मंग एसटीत बसून घरी जाशील. मी कुठी जाऊ?"

मामा मागं उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मले फ्लेक्सनं खाल्लं. पण फ्लेक्सवाल्यानं मले माह्या पडद्यावरचं नाव पुसाले नाई बोलावलं." आणि बैलांच्या डोळ्यांचा उरलेला काळा रंग उचलून ठेवायला निघून गेला. सुगतचा हात थोडा वेळ थांबला होता. मग पुन्हा चालू झाला. मी तिथंच बसून राहिले. मोर्चात मी पोलिसांपुढं उभी राहिलेली आहे, पण एका माणसाला स्वतःचं नाव पुसताना बघत बसणं आणि त्याच्याच भल्यासाठी गप्प राहणं... त्या खोलीला दार होतं आणि ते उघडंच होतं. आमच्यापैकी कोणालाही त्यातून बाहेर पडता येत नव्हतं.

शेवटची भेट दसऱ्यानंतर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले होते, त्याच्यासाठी एक पुस्तक आणलं होतं. हात सुजले होते, त्याला पान उलटता येत नव्हतं, मी उलटत होते. मधेच म्हणाला, "ते पत्रक तू लिहून ठेवलं असशील."

"ठेवलंय," मी म्हटलं.

"मले माहीत होतं." हसला. "मी गेलो का काढ. मंग कोणाचं काम जाते?" मी त्याला शिवी दिली. तो म्हणाला, "पान उलट."

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मामाला त्याची चित्रं भिंतीवर लावायची होती. मी कंपनीला कळवलं, बाप आहे, एका दिवसापुरती, घरातल्या भिंतीवर. उत्तर नम्र होतं. दुःखात सहभागी आहोत, परंतु ही चित्रं सुगत यांची असल्याचं जाहीर करता येणार नाही. मामानं उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग भिंत तशीच कोरी ठेवली. बुद्धवंदना झाली, लोक जेवले, आणि एका शेजाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगा दिवसभर कम्पुटरवर करत काय होता?" जन्मभर शेजारी राहिलेला माणूस.

सुगतला दिवसभर पाणी प्यावं लागायचं, रक्त पातळ राहायला. मामा अजूनही रोज सकाळी त्याची बाटली भरून कॉम्प्युटरपाशी ठेवतो आणि संध्याकाळी ते पाणी अंगणातल्या जास्वंदीला घालतो. मी एकदा म्हटलं, मामा, आता काहून? तो म्हणाला, "सवय हाये." जास्वंद मात्र फोफावली आहे.

आता तुमचं काम. ही पुस्तकं पुण्यात, नागपुरात, मुंबईत विकली जातात. तुमच्या घरात मुलाच्या, पुतणीच्या कपाटात असू शकतात. ओळखायला कंपनीचं नाव लागत नाही. पहिल्या पुस्तकाच्या कव्हरवर मोहाच्या झाडांखाली बोडी आहे, तीन माणसं आपल्याकडं पाठ करून उभी आहेत आणि शेकोटीपाशी एक जागा मोकळी आहे. नव्या पुस्तकात सगळं चकचकीत आहे आणि उजवा खालचा कोपरा जरा जास्तच स्वच्छ आहे. करारावर सही सुगतनं केली होती, तुम्ही नाही. पुस्तक तुमचं आहे, तुमच्या पुस्तकात तुम्ही काय लिहायचं हे कोणी कंपनी ठरवत नाही. तेव्हा हे पान बाजूला ठेवा, कपाट उघडा, पेन घ्या, आणि प्रत्येक चित्राच्या त्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत लिहा: सुगत, शहापूर.